पावसात घेतलेला करंडक

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर)

सन्माननीय अध्यक्ष, सचिव, कार्यकारिणीचे सर्व सदस्य, पंचवीस वर्षांपूर्वी उघड्या माळावर नारळ फोडणारे आपले पहिले सभासद, माता-भगिनींनो आणि पुढच्या सतरंजीवर बसून हे काका केव्हा थांबतात याची वाट पाहणाऱ्या बालमित्रांनो,

सचिवांनी मला भाषणाचा विषय विचारला तेव्हा मी "गोल्फ" असं सांगितलं. फोनवर जरा वेळ शांतता. मग म्हणाले, "काका, दीपनगरात?" त्यांचंही बरोबर आहे. आपल्याकडे चिमण्या आहेत, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसणारी राख आहे, मे महिन्यात पंचेचाळीसच्या वर जाणारा पारा आहे. गोल्फला लागते तसली हिरवळ आपण टीव्हीवरच पाहायची. खानदेशातल्या माणसाला गोल्फ म्हटलं की नाशिकचं गोल्फ क्लब मैदान आठवतं. तिथे लोक सकाळी फिरायला जातात, रणजीचे सामने होतात, सभा होतात. गोल्फ खेळताना मात्र मी तिथे कुणाला पाहिलेलं नाही.

तरीही आज मी एका गोल्फपटूबद्दल बोलणार आहे. तो आपल्यातल्या कुणाला भेटला असण्याचा संभव नाही, कारण तो १९७८ साली, पन्नाशी गाठायच्या आत, सातासमुद्रापलीकडे वारला. त्याचं नाव पापवा शेवगोलम. पापवा हे हाक मारायचं नाव. कागदोपत्री इंग्रजीत नाव आहे ते 'सेवसंकर सेवगोलम' असं काहीतरी वाचलं जातं. पण जरा सावकाश म्हणून बघा. सेवसंकर म्हणजे आपला शिवशंकर. आणि सेवगोलम म्हणजे, मला तरी वाटतं, शिवगुलाम. शिवाचा दास. मॉरिशसचे पहिले पंतप्रधान शिवसागर रामगुलाम, त्यातलाच हा प्रकार. जहाजावर चढताना गोऱ्या कारकुनाने कानाला ऐकू आलं तसं लिहून घेतलं आणि पुढच्या पिढ्यांना तेच आडनाव झालं. मी बँकेत चाळीस वर्षं काढली. खातेदाराच्या नावाचं स्पेलिंग एका कारकुनाच्या हातून चुकलं की काय होतं, हे मला वेगळं सांगायला नको.

हे जहाज कुठलं? १८६० ते १९११ या काळात दीड लाखांवर माणसं मद्रास आणि कलकत्त्याहून दक्षिण आफ्रिकेच्या नाताळ प्रांतात उसाच्या मळ्यांवर नेली गेली. करार करून नेलेले मजूर. अ‍ॅग्रीमेंटचं त्यांच्या तोंडी गिरमिट झालं, आणि ते गिरमिटिये झाले. पापवा त्यांच्याच वंशातला. दरबान शहराजवळ गरीब घरात जन्म, शाळा नाही, लिहिता-वाचता येत नाही. लहानपणीच जवळच्या बीचवुड नावाच्या क्लबवर कॅडी म्हणून कामाला लागला.

आता कॅडी म्हणजे काय, ते मुलांसाठी सांगतो. गोल्फचं मैदान लांबच लांब, त्यात अठरा भोकं. विटी-दांडूत टोला लांब गेला की आपण खूश. इथे टोले मोजतात, आणि सगळ्यात कमी टोल्यांत चेंडू भोकांत घालील तो जिंकतो. मोठ्या स्पर्धेत असे अठरा भोकांचे चार डाव, म्हणजे बहात्तर भोकं. खेळाडूबरोबर काठ्यांची जड पिशवी उचलून चालणारा, गवतात हरवलेला चेंडू शोधून देणारा जो माणूस असतो, तो कॅडी. खेळ त्याला साहेबाइतकाच कळतो, कधीकधी जास्तच. फक्त त्याने खेळायचं नसतं.

आपल्याकडेही हे आहेच. दिल्लीच्या क्लबवर कॅडी म्हणून वाढलेल्या अली शेरने १९९१ साली इंडियन ओपन जिंकली, आणि ती जिंकणारा तो पहिला भारतीय व्यावसायिक खेळाडू ठरला. मुंबईत चेंबूरच्या गोल्फ क्लबवर काम करणारी पोरं वाकवलेल्या लोखंडी सळ्या घेऊन झोपडपट्टीच्या बोळांत गोल्फ खेळतात. पत्र्यावर चेंडू गेला की शिव्या, बादलीत पडला की टाळ्या.

पापवाला कुणी शिकवलं नाही. त्यामुळे काठी कशी धरायची हेही कुणी सांगितलं नाही. उजव्या हाताने खेळणारा माणूस बॅट धरतो तेव्हा डावा हात वर आणि उजवा खाली असतो. गोल्फची काठीही तशीच. पापवाचं उलटं. उजवा वर, डावा खाली. पोरांनो, घरी जाऊन बॅट अशी धरून बघा, मनगटं एकमेकांत अडकतात. कुणीही प्रशिक्षक पहिल्या दिवशी हातावर छडी मारून ही पकड सुधारायला लावेल. याने त्याच पकडीवर चेंडू नेमका पाहिजे तिथे टाकायला स्वतःला शिकवलं.

तिथेच ग्रॅहम वुल्फ नावाचा एक गोरा उद्योजक होता. तुमच्यापैकी बऱ्याच घरांत आरशासमोर 'ओले' नावाच्या क्रीमची बाटली असेल, सूनबाईंना विचारा. ते क्रीम मुळात याच गृहस्थाने तयार केलं. त्याने पापवाचा खेळ पाहिला, त्याला आपल्याकडे नोकरी दिली आणि १९५९ साली स्वतःच्या छोट्या विमानातून युरोपात नेलं. दक्षिण आफ्रिकेत गोऱ्यांच्या स्पर्धेत याला पाय ठेवायची मुभा नव्हती, युरोपात होती. त्या वर्षी पापवाने डच ओपन जिंकली. १९६० ला पुन्हा. १९६४ ला तिसऱ्यांदा. सही करायची पंचाईत असलेला माणूस एका देशाची खुली स्पर्धा तीनदा जिंकतो, हे मला क्रीमच्या बाटलीपेक्षा मोठं वाटतं.

आता मुख्य प्रसंगाकडे येतो.

जानेवारी १९६३. दरबान कंट्री क्लबवर नाताळ ओपन. पुष्कळ खटपटीनंतर पापवाला त्यात खेळायची खास परवानगी मिळाली होती. बाकीचे स्पर्धक गोरे. परवानगी मैदानापुरती होती. क्लबच्या इमारतीत जाता येणार नाही. कपडे बदलायचे, डबा खायचा, ते सगळं बाहेर, गाडीत. त्याच इमारतीत चहाचे ट्रे घेऊन फिरणारे वेटर भारतीयच होते. म्हणजे भारतीयाला आत जायला बंदी नव्हती. ट्रे हातात पाहिजे, एवढंच.

आणि हा जिंकला. आता करंडक द्यायचा. जानेवारीत तिकडे उन्हाळा, आणि तिकडच्या उन्हाळ्यातच पाऊस. नेमका बक्षीस समारंभाच्या वेळी पाऊस आला. गोरे खेळाडू आणि पाहुणे आत, छपराखाली. विजेता बाहेर. करंडक बाहेर आणून पावसात त्याच्या हातात दिला. त्याचा फोटो निघाला आणि जगभरच्या वर्तमानपत्रांत छापून आला.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे पापवा आला नाही. आत बसलेली माणसं आली. ती काही राक्षस नव्हती. त्यांतल्या कितीतरी जणांनी तीन-चार दिवस त्याच्या खेळाला टाळ्या दिल्या असतील. काहींना वाईटही वाटलं असेल. मग कुणी उठून दार का उघडलं नाही? कारण नियम होता. १९५० चा ग्रुप एरियाज अ‍ॅक्ट, कुठल्या रंगाच्या माणसाने कुठे राहायचं, कुठे बसायचं ते ठरवणारा. क्लबला वाटलं असतं तरी "आमचा नाइलाज आहे हो, कायदाच आहे" असं म्हणायची सोय होती.

मित्रहो, मी आयुष्यभर सर्क्युलरवर जगलेला माणूस. "नियमात बसत नाही" हे वाक्य काउंटरवर मी किती हजार वेळा उच्चारलं असेन. नियमाशिवाय बँक एक दिवस चालणार नाही, सोसायटीही नाही. म्हणून मी नियमाची टिंगल करणार नाही. पण ज्याने नियम वापरला त्याला नियम कसा मोकळं करतो, तेही मी काउंटरच्या आतून पाहिलेलं आहे. माणूस वाईट न होता वाईट वागू शकतो.

आणि नाताळचं नाव काढलं की आपल्याला आणखी एक प्रसंग आठवतो. पहिल्या वर्गाचं तिकीट खिशात असलेल्या एका बॅरिस्टरला त्याच प्रांतातल्या पीटरमॅरिट्झबर्ग स्टेशनवर गाडीतून उतरवलं, ते १८९३ साली. आपण भुसावळ जंक्शनच्या आसऱ्याने राहणारी माणसं, तिकीट असून खाली उतरवणं म्हणजे काय ते आपल्याला जास्त कळतं. त्याला बरोबर सत्तर वर्षं झाल्यावर, त्याच प्रांतात, जिंकलेला माणूस पावसात उभा.

हे ऐकून गोऱ्यांवर राग येतो. येऊ द्या. पण रामचंद्र गुहा यांचं भारतीय क्रिकेटच्या इतिहासावरचं पुस्तक मी निवृत्तीनंतर वाचलं आणि माझा राग जरा घरी परत आला. त्यात बाळू पालवणकरांची हकिकत आहे. चर्मकार समाजातला हा माणूस. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबवर महिना चार रुपयांवर खेळपट्टी लोळवायचा, जाळी बांधायचा, साहेबांना तासन्‌तास गोलंदाजी करायचा. फलंदाजी करायची नाही. म्हणजे क्रिकेटमधला कॅडीच. पुण्याच्या हिंदू संघाला गोऱ्यांना हरवायचं होतं, म्हणून पुष्कळ वाद घालून त्याला संघात घेतलं. त्याने हात लावलेला चेंडू सगळ्यांना चालला. चहाच्या वेळी मात्र त्याला मंडपाबाहेर, मातीच्या बोळक्यात चहा. ते बोळकं नंतर फेकून द्यायचं. १९११ साली भारताचा संघ इंग्लंडला गेला, तिथे याच बाळूने शंभरावर बळी घेतले. हिंदू संघाचं कर्णधारपद त्याला कधी मिळालं नाही. ते पुढे त्याच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळालं, १९२३ साली. पुण्यात कुठलाही ग्रुप एरियाज अ‍ॅक्ट नव्हता. कायदा नसताना हे.

माझी पहिली नेमणूक ज्या शाखेत झाली, गावाचं नाव सांगत नाही, तिथे झाडलोट करणाऱ्या माणसाचा कप खिडकीच्या कठड्यावर वेगळा असायचा. दांडा तुटलेला. कुणी तसा हुकूम काढलेला नव्हता. आमचे एक हेड कॅशिअर होते, फार कमी बोलणारे. एके दिवशी त्यांनी तो कप उचलून केराच्या टोपलीत टाकला, बाजारातून सहा नवे कप आणले, सगळे एकसारखे, आणि चहावाल्याला म्हणाले, "आजपासून हे." संपलं. कुणी विरोध केला नाही, कारण कुठला कप कोणाचा हेच कळेना. मला आजही त्या सहा कपांवरची निळी रेघ आठवते.

असो. पापवाकडे परत.

१९६५ साली त्याने नाताळ ओपन पुन्हा जिंकली, आणि या वेळी हरलेल्यांत गॅरी प्लेअर होता. गोल्फ पाहणाऱ्या मुलांना हे नाव माहीत असेल. जगातल्या सर्वांत मोठ्या चार स्पर्धा मिळून नऊ वेळा जिंकलेला माणूस. त्याच १९६५ मध्ये अमेरिकेची खुली स्पर्धा जिंकून त्याने चारही पुऱ्या केल्या. असल्या खेळाडूला आपल्या उलट्या पकडीच्या माणसाने त्याच्या ऐन बहरात, त्याच्याच देशात मागे टाकलं. प्लेअरने पुढच्याच वर्षी आलेल्या पुस्तकात वर्णभेदाच्या धोरणाची बाजू घेतली होती. पुढे त्याने ती भूमिका सोडली, जाहीरपणे सोडली, हेही सांगायला हवं.

एकदा जिंकला तेव्हा सरकारची पंचाईत झाली होती. दुसऱ्यांदा जिंकल्यावर सरकारने पंचाईतच काढून टाकली. त्याला गोऱ्यांच्या स्पर्धा बंद केल्या. पासपोर्ट काढून घेतला, म्हणजे युरोपही बंद. पस्तिशी-चाळिशीचा काळ, गोल्फमधली ही भर उमेदीची वर्षं, आणि याच्या हातात काठी आहे पण मैदान नाही. त्यानंतरचं आयुष्य हलाखीत गेलं आणि हृदयविकाराने तो गेला. यावर मी जास्त बोलत नाही. जास्त बोलण्यासारखं त्यांनी काही घडूच दिलं नाही.

पण तो फोटो घडत राहिला. दक्षिण आफ्रिकेला १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये येऊ दिलं नाही. १९७० मध्ये ऑलिंपिक चळवळीतूनच काढलं. एकट्या फोटोने हे झालं असं मी म्हणणार नाही, अनेकांचे अनेक वर्षांचे कष्ट त्यामागे आहेत. पण खेळ आणि राजकारण वेगळं ठेवा म्हणणाऱ्यांपुढे ठेवायला तो फोटो होता, आणि त्याला उत्तर देणं अवघड होतं.

आमच्या पिढीला यातलं एक चांगलं आठवतं. १९७४. मी नुकताच बँकेत चिकटलो होतो. विजय आणि आनंद अमृतराज यांचा भारतीय संघ पुण्यात सोव्हिएत संघाला हरवून डेव्हिस कपच्या अंतिम फेरीत पोचला. समोर दक्षिण आफ्रिका. भारताने खेळायला नकार दिला. कप न खेळता त्यांना गेला. दुपारच्या डब्याच्या वेळी आमच्या शाखेत यावर कडाक्याचं भांडण झालं. अर्धे म्हणत होते, "हातचा कप घालवला." आजवर तो कप आपल्याला मिळालेला नाही, तेव्हा त्यांचंही अगदी खोटं म्हणता येत नाही. पण किंमत मोजून केलेली ती गोष्ट होती, आणि मला त्या वयात त्याचा अभिमान वाटला. आजही वाटतो.

वर्णभेद संपला. नव्या सरकारने पापवाला मरणोत्तर राष्ट्रीय सन्मान दिला. दरबानमध्ये एका गोल्फ मैदानाला त्याचं नाव आहे. ते पालिकेचं, म्हणजे सार्वजनिक मैदान आहे, हे मला विशेष आवडलं.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो ऐकून कार्यकारिणीने माझ्यावर रागवू नये. माझं वय पाहता रागवणारही नाहीत.

आपल्या मैदानाच्या गेटवर पाटी आहे: 'मैदान व बॅडमिंटन कोर्ट फक्त सभासद व त्यांच्या कुटुंबीयांसाठी.' ती लावली तेव्हा कारण होतं. बाहेरची टोळकी येऊन बसायची, काचा फुटल्या होत्या, आपल्या मुलींना त्रास व्हायचा. ठराव योग्यच होता. पण आज या पाटीमुळे बाहेर कोण उभं असतं ते संध्याकाळी सहा वाजता येऊन बघा. आपल्या रात्रपाळीच्या वॉचमनचा मुलगा. आपल्याकडे धुणंभांडी करणाऱ्या ताईंच्या दोन मुली. कोर्टावरचं फूल जाळीबाहेर गेलं की हीच पोरं धावत जाऊन आणून देतात. नाव सांगत नाही, पण तो वॉचमनचा मुलगा एकदा फूल परत द्यायला आला आणि आपल्या पोरांनी त्याच्या हातात रॅकेट दिलं. मी बाकावर बसलो होतो. समोर जिल्हा पातळीवर खेळलेला आपला मुलगा होता. अकरा गुणांपर्यंत तो त्याला जमेना. मग कुणीतरी मोठ्याने पाटीची आठवण करून दिली आणि रॅकेट परत गेलं. आठवण करून देणारे गृहस्थ चांगले आहेत, कुणाचं आजारपण असलं की पहिले तेच धावतात. त्यांनी नियम सांगितला, दुसरं काही नाही.

पोरांनो, तुम्ही माझ्याकडे बघून हसताय, म्हणजे तुम्हाला कोण ते कळलं.

मी कुणाला उपदेश करायला उभा नाही. बँकेत आम्हाला शिकवलं होतं की नियम पटत नसेल तर कुरकुर करू नका, दुरुस्ती लिहून द्या. मी लिहून दिली आहे. 'सभासद व त्यांचे कुटुंबीय' यापुढे 'आणि सोसायटीत काम करणाऱ्यांचे कुटुंबीय' एवढे पाच शब्द घालावेत, असा तो मसुदा आहे. वेळेचं बंधन, वहीत नोंद, जबाबदारी कोणाची, सगळं त्यात घातलं आहे, ऑडिटमध्येही अडणार नाही. पुढच्या रविवारच्या वार्षिक सभेत विषय क्रमांक सात म्हणून तो येणार आहे. सूचक म्हणून माझी सही झाली आहे. अनुमोदकाची जागा अजून रिकामी आहे. कागद सचिवांच्या टेबलावर आहे, पेनही तिथेच बांधून ठेवलं आहे.